शोध इंग्लंडचा, पोलाद अमेरिकेचं

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, १८५७ साली इंग्लंडात डर्बी स्टेशनात एक रूळ बसवला गेला. त्या जागी गाड्यांची ये-जा इतकी असायची की साधा लोखंडी रूळ सहा महिन्यांत झिजायचा, कधी तर तीनच महिन्यांत. नवा रूळ पोलादाचा होता. तो उखडायची वेळ आली १८७३ साली. सहा महिने कुठे आणि सोळा वर्षं कुठे! हा हिशेब कळायला इंजिनियर असावं लागत नाही, रेल्वे कंपनीच्या मुनिमालाही तो कळतो. तरीसुद्धा कुणी धावत जाऊन पोलादी रूळ घातले नाहीत, कारण तेव्हा पोलाद म्हणजे चैन होती. सुऱ्या, करवती, घड्याळाच्या स्प्रिंगा यांच्यासाठी वापरायची वस्तू. मैलच्या मैल उघड्यावर, पावसापाण्यात अंथरायची वस्तू नव्हे.

संयोजकांनी मला विषय दिलाय अमेरिकेचं औद्योगिकीकरण आणि नवं तंत्रज्ञान. हा विषय निघाला की एडिसनचा दिवा, बेलचा टेलिफोन, फोर्डची मोटार अशी मिरवणूक सुरू होते. मी जन्मभर धातुशास्त्र शिकवलं. त्यामुळे यंत्र दिसलं की ते काय करतं हे बघण्याआधी ते कशाचं केलंय हे बघायची खोड लागली आहे. म्हणून आज मी बराचसा वेळ पोलादावरच घालवणार आहे. माझं म्हणणंही आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको. एकोणिसाव्या शतकात पोलादाचा मूळ शोध अमेरिकेनं लावला नाही. कापडगिरणीचाही नाही, वाफेच्या इंजिनाचाही नाही. अमेरिकेनं जे केलं ते असं की दुसऱ्याच्या शोधातून निघालेला माल अतोनात स्वस्त केला. आणि माल एका हद्दीपलीकडे स्वस्त झाला की त्याचे असे उपयोग निघतात, जे शोध लावणाऱ्याच्या स्वप्नातही नसतात.

सुरुवातीची अमेरिका लाकडाची होती, हे आपण विसरतो. घरं लाकडाची, पूल लाकडाचे, पाणचक्क्या लाकडाच्या, आगबोटींत जळण लाकडाचं. सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये इंग्लंडहून आला तो सूतगिरणीची यंत्रं डोक्यात साठवून, कारण नकाशे बाहेर न्यायला इंग्लंडात बंदी होती. पॉटकेटला १७९० मध्ये त्यानं ती उभी केली. पुढे फ्रान्सिस लॉवेलनं मँचेस्टरचे यंत्रमाग असेच नुसते बघून घेतले आणि वॉल्थमला बसवले. हा सगळा भाग तुम्ही वाचलेला असेल. मुद्दा इतकाच की ही यंत्रंसुद्धा बव्हंशी लाकडाची आणि पाण्यावर चालणारी होती, आणि लोखंड गाळायला जळायचा तो लाकडी कोळसा. १८४० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात लीहाय खोऱ्यात डेव्हिड थॉमस नावाच्या वेल्श माणसानं गरम हवेचा झोत देऊन अँथ्रासाइट या कडक दगडी कोळशावर झोतभट्टी चालवून दाखवली. तिथून जंगल तोडून लोखंड काढायचा जमाना हळूहळू मागे पडला.

आता थोडं लोखंडाबद्दल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी बिडाचा तवा असेल. त्यावर घावन झकास होतं, पण तो हातातून फरशीवर पडला तर सरळ दोन तुकडे. झोतभट्टीतून निघणारं लोखंड या जातीचं. त्यात साधारण चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते लवकर वितळतं, ओतायला सोपं, पण ठिसूळ. कार्बन जवळजवळ सगळा काढून टाकला की मिळतं घडीव लोखंड. ते वाकतं, ठोकून वळवता येतं, पण मऊ असल्यानं झिजतं. डर्बीचे जुने रूळ या लोखंडाचे. पोलाद या दोघांच्या मधलं. कार्बन थोडा ठेवायचा, पण नेमका.

बिडाचं घडीव लोखंड करायची रीत होती पडलिंगची. भट्टीच्या दारातून लांब सळई आत घालून माणूस वितळलेलं लोखंड ढवळत बसायचा. कार्बन जळत जाईल तसा रस घट्ट होतो, कारण शुद्ध लोखंडाला वितळायला जास्त उष्णता लागते. मग त्या लगद्याचे मणामणाचे गोळे करून चिमट्यानं बाहेर ओढायचे. दिवसभर भाजून घेतल्यावर एका भट्टीतून निघायचं टन-सव्वा टन लोखंड. यात सगळं कसब त्या पडलरच्या हातात आणि डोळ्यांत. गोळा कधी जमला हे सांगणारं यंत्र नव्हतं. त्यामुळे पडलरचा रुबाब असायचा. तो मालकाशी बरोबरीनं भाव करायचा आणि त्याची युनियन अमेरिकेतल्या तगड्या युनियनपैकी होती.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये हेन्री बेसेमरनं इंग्लंडात जाहीर केलं की जळण न वापरता मी बिडाचं पोलाद करतो. लोक हसले असतील तर नवल नाही. त्याची युक्ती अशी: वितळलेलं बीड एका मोठ्या, आतून अग्निरोधक अस्तर लावलेल्या भांड्यात घ्यायचं आणि बुडातून जोरात थंड हवा सोडायची. थंड हवेनं रस गोठेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. हवेतला ऑक्सिजन रसातल्या सिलिकॉनला आणि कार्बनला जाळतो, त्या जळण्याचीच इतकी उष्णता होते की रस आणखी तापतो. पंधरा-वीस मिनिटांत पाच-सहा टनांचा घाणा तयार. पडलरनं आठवडाभर घाम गाळावा तेवढा माल चहा प्यायला लागतो त्या वेळात.

हे दृश्य कसं असायचं ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर अवलंबून आहे. हवा सुरू झाली की भांड्याच्या तोंडातून आधी ठिणग्या आणि तांबूस धूर निघतो. तेव्हा सिलिकॉन जळत असतं. मग ज्वाळा वाढत जाते, पिवळी, मग पांढरीफेक, पंधरा-वीस फुटांची, आणि कानठळ्या बसतील असा आवाज. तो कार्बन. आणि मग एका क्षणी ज्वाळा एकाएकी खाली बसते. बस. त्याच क्षणी हवा तोडून भांडं आडवं करायचं. काही सेकंद उशीर झाला तर लोखंडच जळायला लागतं आणि अख्खा घाणा वाया. यानंतर मँगनीजयुक्त लोखंड टाकून हवा तेवढा कार्बन परत द्यायचा. ही मँगनीजची सुधारणा रॉबर्ट मशेटची. डर्बीचा रूळही त्याच्याच पोलादाचा होता. बेसेमरचं नाव गाजलं आणि मशेटच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं आलं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बेसेमरचे परवाने घेतलेल्या पहिल्या लोकांचे हात पोळले. पोलाद तडकायला लागलं. कारण फॉस्फरस. बेसेमरच्या भांड्यात कार्बन जातो, सिलिकॉन जातं, फॉस्फरस मात्र तसाच राहतो, आणि फॉस्फरस असलेलं पोलाद थंडीत काचेसारखं फुटतं. बेसेमरनं प्रयोगासाठी जे लोखंड घेतलं होतं त्यात फॉस्फरस नशिबानं कमी होता! म्हणजे शोध हातात आला तरी तो चालवायला विशिष्ट जातीचं खनिज हवं. इथं अमेरिकेचं नशीब उघडलं. लेक सुपीरियरच्या काठचं बरंचसं खनिज कमी फॉस्फरसचं होतं. १८५५ साली सू सेंट मेरीचं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून जहाज चढवायचा-उतरवायचा हौद, उघडलं. तिथं सुपीरियर सरोवराचं पाणी खडकांवरून सुमारे २१ फूट खाली उतरतं. लॉक झाल्यावर जहाज भरलेलं तसंच खाली उतरायला लागलं. याउलट अलाबामातल्या बर्मिंगहॅमकडे खनिज, कोळसा आणि चुनखडी अगदी हाकेच्या अंतरावर. इतकी सोयीची जागा अमेरिकेत दुसरी नसेल. पण खनिजात फॉस्फरस! त्यामुळे तिथं बिडाचे ढीग लागले, पण पोलादासाठी त्यांना १८९९ पर्यंत, फॉस्फरस काढू शकणारी ओपन हार्थ भट्टी येईपर्यंत वाट बघावी लागली. बर्मिंगहॅम लक्षात ठेवा, पुढे एक ओळखीचा माणूस तिथं जाणार आहे.

अमेरिकेत बेसेमरचं पोलाद यायला थोडा उशीर झाला तो पेटंटच्या भांडणामुळे. केंटकीतल्या विल्यम केलीनं हाच विचार आधी केला असल्याचा दावा केला आणि अमेरिकन पेटंट ऑफिसनं तो १८५७ मध्ये मान्यही केला. १८६६ मध्ये दोन्ही बाजूंनी पेटंटं एकत्र केली आणि कोर्टाची कटकट मिटली.

आता ज्या माणसासाठी मला खरं तर हे भाषण करावंसं वाटलं, त्याच्याकडे येतो. अलेक्झांडर हॉली. कार्नेगीचं नाव सगळ्यांना ठाऊक, हॉलीचं कुणाला नाही. न्यूयॉर्कला वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये त्याचा अर्धपुतळा आहे. आपली पोरं तिथं शिकायला असतात, रोज त्यावरून जात असतील. हा इंजिनियर इंग्लंडला गेला, बेसेमरचे अमेरिकेतले हक्क मिळवले आणि १८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ट्रॉयला कारखाना चालू केला. मग त्यानं भांडं सोडून भांड्याभोवतीच्या सगळ्या गोष्टी बदलल्या.

एकच उदाहरण देतो. कन्व्हर्टरचं, म्हणजे बेसेमरच्या त्या भांड्याचं बूड. हवेच्या तोट्या बुडात असतात, सगळ्यात जास्त मार तिथंच बसतो. थोडे घाणे झाले की बूड जळून जायचं. मग भांडं थंड होऊ द्यायचं, माणूस आत उतरणार, तोट्या बदलणार, माती थापणार, ती सुकवणार, भाजणार. तोवर कामगार, वाफेची इंजिनं, भट्ट्या सगळं बसून. हॉलीनं बूडच सुटं केलं. जळालेलं बूड खाली उतरवायचं, आधीच भाजून ठेवलेलं नवीन बूड वर चढवायचं, फटीत माती ठासायची, पुढचा घाणा सुरू. यात ना विज्ञानाचा नवा सिद्धांत, ना प्रतिभेची झेप. पण त्यामुळे दिवसाला निघणाऱ्या घाण्यांची संख्या कुठल्या कुठे गेली. शिवाय इंग्लंडात कन्व्हर्टर खोल खड्ड्याभोवती असायचे आणि त्या खड्ड्यात सगळी गर्दी. हॉलीनं कन्व्हर्टर उंचावर चढवले, खाली जागा मोकळी केली, क्रेनची संख्या वाढवली. माल कुठून येणार, कुठे जाणार, कोण कुणाच्या वाटेत येणार, हे त्यानं कागदावर आधी सोडवलं. अमेरिकेतले बहुतेक बेसेमर कारखाने त्याच्या आराखड्यांवर उभे राहिले. वयाच्या ४९ व्या वर्षी, १८८२ मध्ये तो गेला.

हॉलीचं सगळ्यात देखणं काम म्हणजे पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन कारखाना. मालक अँड्र्यू कार्नेगी. नाव मात्र जे. एडगर थॉमसन यांचं, आणि हे गृहस्थ होते पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. कारखान्यालाच गिऱ्हाइकाचं नाव! धंदा कसा करावा हे कार्नेगीला शिकवावं लागलं नाही. १८७३ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी बाजार कोसळला. लोकांनी हात आखडले, तेव्हा कार्नेगीनं बांधकाम रेटलं, कारण मंदीत माल आणि मजुरी दोन्ही स्वस्त. १८७५ च्या सप्टेंबरात पहिले रूळ बाहेर पडले आणि पहिली मोठी ऑर्डर पेनसिल्व्हेनिया रेलरोडचीच.

कार्नेगी स्वतः रेल्वेत वाढलेला. रेल्वे कंपन्यांना दर मैलाला दर टनाचा खर्च काढायची सवय होती. लोखंडवाल्यांना नव्हती. ते वर्षअखेर नफा झाला की तोटा एवढंच बघायचे. कार्नेगीनं प्रत्येक घाण्याचा कोळसा, चुनखडी, मजुरी सगळं लिहायला लावलं. वर एक रसायनशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. शेजारचे भट्टीवाले याला उधळपट्टी म्हणत. त्या रसायनशास्त्रज्ञानं सांगितलं की नावाजलेल्या काही खाणींचं खनिज सुमार आहे आणि लोक ज्याला नाकं मुरडतात ते उत्तम आहे. दुसरे कारखाने टाकाऊ म्हणून फेकत होते ती लोहयुक्त मळी कार्नेगीनं पडत्या भावानं उचलली आणि त्यातूनही लोखंड काढलं.

कारखान्याचा व्यवस्थापक होता कॅप्टन बिल जोन्स. त्याला भागीदारी देऊ केली तर म्हणाला मला पगार द्या, भरपूर द्या. कार्नेगीनं त्याला वर्षाला २५ हजार डॉलर पगार दिला. जोन्सची एक युक्ती फार मोलाची. झोतभट्टीतून निघालेलं बीड थंड करून त्याच्या लगडी पाडायच्या आणि मग कन्व्हर्टरसाठी त्या पुन्हा वितळवायच्या, म्हणजे दोनदा कोळसा. थेट रस न्यायचा तर प्रत्येक भट्टीचा रस वेगळ्या गुणाचा, त्यामुळे कन्व्हर्टर कधी नीट चालायचा, कधी रुसायचा. जोन्सनं मध्ये एक प्रचंड पेटारा बसवला. सगळ्या भट्ट्यांचा रस त्यात ओतायचा, तिथं तो एकजीव होतो, गरमही राहतो, आणि हवा तेव्हा हवा तेवढा काढून घ्यायचा. खनिज भट्टीत पडल्यापासून रूळ बाहेर येईपर्यंत लोखंड पूर्ण थंड असं होऊच द्यायचं नाही, हे धोरण.

आणि भट्ट्या पळवायच्या. कार्नेगीच्या गटाची लूसी आणि शेजारची इझाबेला या दोन झोतभट्ट्यांची चक्क शर्यत लागली होती, वर्तमानपत्रांत आकडे यायचे. १८७२ मध्ये पेटल्या तेव्हा दिवसाला ५० टनांच्या आसपास होत्या, दोनेक वर्षांत उत्पादन जवळपास दुप्पट. इंग्लिश इंजिनियरांना हे रानटी वाटायचं. एवढा झोत दिलात तर अस्तर लवकर जळेल, असं ते म्हणायचे. जळायचंही. अमेरिकनांचं उत्तर असं की अस्तर जळलं तर नवीन घालू, तोवर दुप्पट लोखंड काढून झालेलं असेल. भट्टीला इंग्रज आयुष्यभराची मालमत्ता समजत होता, अमेरिकन तिला खर्चून टाकायची वस्तू समजत होता. हे चांगलं का वाईट? पर्यावरणाच्या आजच्या नजरेनं बघितलं तर भयंकर. भावाच्या नजरेनं बघितलं तर हे आकडे पाहा: १८६७ मध्ये पोलादी रुळाचा अमेरिकेतला भाव टनाला १६० डॉलरच्या वर. १८९८ मध्ये १८ डॉलरच्या खाली. त्या काळात एकूणच भाव उतरत होते हे जमेस धरलं तरी ही घसरण विलक्षण आहे. १८८० मध्ये अमेरिकेत साडेबारा लाख टन पोलाद निघत होतं, १९०० मध्ये एक कोटी टनांच्या वर. इंग्लंड मधल्या काळातच मागे पडलं होतं.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सोयीनं गाळली जाते. हे सगळं खुल्या बाजारात झालं नाही. १८७० च्या कायद्यानं अमेरिकन सरकारनं आयात पोलादी रुळांवर टनाला २८ डॉलर जकात बसवली. १८७० मध्ये ती जकात भावाच्या चौथा हिस्सा असेल-नसेल, पण पुढे भाव जितके उतरले तितकी जकात उतरली नाही, तेव्हा ती भिंतच झाली. पुढे जगाला खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्या देशानं आपला पोलादधंदा त्या भिंतीआड वाढवला. मला यात गैर वाटत नाही. फक्त धडे देताना हेही सांगावं, एवढंच.

खनिजाची गोष्ट राहिली. १८९० मध्ये मिनेसोटात डुलुथच्या मेरिट बंधूंना मेसाबीच्या टेकड्यांत खनिज सापडलं. ते खडक नव्हतं, मातीसारखं भुसभुशीत होतं आणि जमिनीच्या वरच होतं. खाण खणायचीच नाही, वाफेच्या फावड्यानं उचलून थेट वाघिणीत. जाणकार आधी म्हणाले की असली माती झोतभट्टीत चालणार नाही, झोताबरोबर उडून जाईल. १८९२ मध्ये पहिला माल निघाला. १८९३ च्या मंदीत मेरिट बंधू कर्जात सापडले आणि सगळं तेलवाल्या रॉकफेलरच्या हाती गेलं. ज्यांनी शोधलं त्यांच्या हातात फारसं काही उरलं नाही.

खनिज मिनेसोटात, आणि ज्याचा भाजून कोक हे भट्टीचं जळण करतात तो कोळसा पेनसिल्व्हेनियात कॉनेल्सव्हिलला. मध्ये हजार किलोमीटरच्या वर पाणी. वाघीण डुलुथला, तिथून जहाज, सूचं लॉक, मग एरी सरोवराच्या काठची बंदरं. तिथं शेकडो माणसं जहाजाच्या पोटात उतरून फावड्यानं खनिज बादल्यांत भरायची. १८९९ मध्ये कॉनिऑट बंदरात जॉर्ज ह्युलेटचं यंत्र आलं. प्रचंड तुळई, तिच्या टोकाला खाली लटकणारा पाय आणि पायाला पंजा. एका घासाला दहा टन. गंमत म्हणजे चालवणारा माणूस लांब केबिनमध्ये नसायचा, तो त्या पायातच, पंजाच्या वर बसायचा आणि पंजाबरोबर जहाजाच्या पोटात खाली-वर जायचा. ह्युलेट आल्यावर जहाजंसुद्धा त्या पंजाच्या मापानं बांधायला लागले.

रूळ स्वस्त झाले, १८६० मध्ये अमेरिकेत ३० हजार मैल रेल्वे होती ती १९०० मध्ये दोन लाख मैलांच्या जवळ आली. पण मी म्हटलं तसं, खरी मजा पुढेच आहे. रुळांसाठी उभारलेल्या पोलादानं दुसरे उद्योग धरले. तार घ्या. पश्चिमेच्या माळरानावर कुंपणाला लाकूड नव्हतं, दगडही नव्हता. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. त्या वर्षी देशात जेमतेम १० हजार पौंड काटेरी तार झाली, १८८० मध्ये आठ कोटी पौंडांच्या वर. मोकळं चराईचं रान काही वर्षांत शेतांत कापलं गेलं. जनावरं हाकत नेणाऱ्या काउबॉयचा धंदा बसला आणि मूळ रहिवाशांच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद झाल्या. ब्रुकलिन पुलाच्या दोरांतही पोलादी तार आहे, आणि त्यात खोट आहे! लॉईड हेग नावाच्या कंत्राटदारानं तपासणीत पास झालेली तार वाटेत बदलून नापास तार पुलावर पोहोचवली. १८७८ मध्ये इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंगच्या हे लक्षात आलं, पण तोवर बरीच तार दोरात विणली गेली होती, ती काढणं अशक्य. रोबलिंगनं गणित मांडलं, आधी हिशेबात भरपूर जास्तीची ताकद धरली होती म्हणून पूल तगेल असं ठरवलं आणि प्रत्येक दोरात १५० तारा वाढवल्या. १८८३ मध्ये पूल उघडला. ती नापास तार अजून तिथंच आहे आणि गाड्या जातायत.

पोलादानं पोलाद कापायचं झालं तर? लेथवरचं हत्यार थोडं वेगानं चालवलं की तापून मऊ पडायचं. १८९८ नंतर बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमचं पोलाद जवळजवळ वितळायच्या बेतात तापवून बघितलं. तोवरचं शास्त्र सांगत होतं की एवढं तापवलं तर हत्यार खलास. झालं उलट. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी बघितलं की हत्याराचं टोक लाल झालंय, निळे पडलेले किस उडतायत आणि हत्यार कापतंच आहे. पण त्या वेगानं चालवायला जुने लेथ पुरेनात, ते थरथरायला लागले. मग सगळे लेथ नव्यानं, जाड बांध्याचे करावे लागले. नायगाराच्या धबधब्यावर वीज आली ती १८९५ मध्ये. तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक गावातले दिवे नव्हते, चार्ल्स हॉलच्या पद्धतीनं ॲल्युमिनियम काढणारी कंपनी होती. त्याच विजेवर एडवर्ड ॲचेसनचं कार्बोरंडम, म्हणजे घासायला वापरायचा अतिकडक पदार्थ, निघायला लागलं. त्याच्या सहाणचाकांनी कडक केलेलं पोलाद अचूक घासता येऊ लागलं. फोर्डची १९१३ ची फिरती जुळणी आपण कौतुकानं सांगतो, साडेबारा तासांची चासी दीड तासात. पण पट्ट्यावर एकाच मापाचे भाग आल्याशिवाय तो पट्टा काय कामाचा? ते माप कडक हत्यारानं आणि सहाणचाकानं दिलं.

या स्वस्ताईचं बिल कुणी भरलं? पडलर गेला, हे मी मघाशीच सुचवलं. त्याचं कसब कन्व्हर्टरनं आणि रसायनशास्त्रज्ञानं वाटून घेतलं. कार्नेगीचा बाप स्कॉटलंडात हातमागावर कापड विणायचा. यंत्रमागानं त्याचा धंदा बुडवला म्हणून हे कुटुंब १८४८ मध्ये अमेरिकेत आलं. हे त्या मुलाला कधी आठवलं का, मला माहीत नाही. जोन्सला वाटायचं की या उष्णतेत माणूस आठ तासांच्या वर काम करू शकत नाही. त्यानं ब्रॅडॉकला आठ तासांची पाळी चालवूनही दाखवली. १८८८ मध्ये कार्नेगीनं ती मोडून पुन्हा बारा तास केले, कारण बाकीचे कारखाने बारा तासच चालवत होते. पुढच्याच वर्षी जोन्स झोतभट्टीच्या स्फोटात भाजून मेला. १८९२ च्या जुलैत पिट्सबर्गजवळच्या कार्नेगीच्याच होमस्टेड कारखान्यात युनियनशी संघर्ष झाला. कार्नेगी स्कॉटलंडात, इथं त्याचा माणूस हेन्री फ्रिक. फ्रिकनं बार्जांतून पिंकर्टन या खासगी कंपनीचे सुमारे ३०० हत्यारबंद रक्षक नदीमार्गे आणले. दिवसभर गोळीबार, दोन्हीकडची मिळून किमान दहा माणसं मेली. मग राज्याची फौज आली आणि युनियन मोडली. मोठ्या पोलाद कारखान्यांत ती पुन्हा उभी राहिली थेट १९३७ मध्ये. बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत चालली, आणि दिवसपाळीची रात्रपाळी होताना दर पंधरवड्याला सलग चोवीस तास.

आता तो ओळखीचा माणूस. जमशेटजी टाटा नागपूरला एम्प्रेस मिल चालवत होते. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला, चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर. आजचा आपला चंद्रपूरचा भाग. जवळच वरोऱ्याला कोळसा. त्यांनी नमुने जर्मनीला पाठवले. उत्तर आलं की या कोळशाचा उपयोग नाही. खनिज नुसतं असून चालत नाही, ते गाळायला धडाचा कोक लागतो. पुढे वीस वर्षं गेली. १९०२ मध्ये वयाच्या साठीत जमशेटजी अमेरिकेला गेले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला कोक कसा करतात ते बघितलं, क्लीव्हलंडला खनिजाचा बाजार बघितला, पिट्सबर्गला पोलाद कारखान्यांचा इंजिनियर ज्युलियन केनेडी याला भेटले. केनेडीनं त्यांना चार्ल्स पेज पेरीन या सल्लागार इंजिनियरकडे पाठवलं, आणि पेरीननं आपला भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड हिंदुस्थानात धाडला.

वेल्ड आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आधी कुठे गेले असतील? चांद्यालाच. बैलगाडीनं जंगल तुडवलं. खनिज होतं, पण मोठा कारखाना जन्मभर चालेल इतकं एका जागी नव्हतं, आणि कोकचा प्रश्न होताच. १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी गेले. त्याआधी फेब्रुवारीत भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांचं पत्र आलं होतं, मयूरभंजमध्ये गोरुमहिसानीला खनिज आहे. तिथून झरियाचा कोळसा आवाक्यात, सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचं पाणी आणि कलकत्त्याला जाणारी रेल्वे. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला, आराखडा पेरीनच्या लोकांचा, आणि १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद ओतलं गेलं. तिथले जनरल मॅनेजर १९३८ पर्यंत अमेरिकनच असायचे.

विदर्भातून आलेला एखादा विद्यार्थी मला हमखास विचारायचा, की सर, तो कारखाना आपल्याकडे का नाही झाला, सरकारनं अडवला का? खाणीच्या परवान्यांचे जाचक नियम होते, हे खरं. पण १८९९ नंतर ते सैल झाले, तरी चांद्याला कारखाना आला नाही. मी त्याला वरोऱ्याच्या कोळशाचं राखेचं प्रमाण शोधून आणायला सांगत असे. ते शोधून आणल्यावर तो पुन्हा तो प्रश्न विचारत नसे, दुसरा विचारत असे, आणि तो जास्त चांगला असे. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ या.